पुढचं उजवं चाक

सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्याचे तीन दिवस लोरियान देगल सकाळी सव्वासहाला गाडी काढायची, चर्चमागच्या गल्लीत ऑरेल सिर्वांच्या दारासमोर लावायची आणि हॉर्न न वाजवता थांबून राहायची. हॉर्न वाजवलेला ऑरेलकाकांना खपत नसे. "हॉर्न गिऱ्हाईक वाजवतं," असं ते म्हणत. मग पाचेक मिनिटांनी दार उघडायचं. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात घोंगडी घेतलेले काका पायऱ्यांवरच्या बर्फाला शिव्या देत खाली उतरायचे आणि तिच्या शेजारी येऊन बसायचे. तिथून प्रेस्क आयलचं डायलिसिस केंद्र सव्वा तासावर होतं. काकांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याला आता दोन वर्षं होत आली होती. डोळ्यांमुळे लायसन्स गेलेलं. एकुलती एक मुलगी दूर कनेक्टिकटला.

त्यांना कोण नेऊन आणेल, असं फादरनी एका रविवारी प्रार्थनेनंतर विचारलं, तेव्हा सेंट ओडिल गावातली निम्मी माणसं आपापल्या बुटांकडे बघायला लागली होती. हात वर केला तो लोरियानने. वर गायकांच्या रांगेत उभा असलेला तिचा नवरा क्लोव्हिस पुढच्या ओळीचा सूरच विसरला. लोरियान आणि ऑरेल सिर्वा यांच्यात काय होतं, हे नदीच्या या काठावर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पलीकडच्या कॅनडातल्या काठावरही बऱ्याच जणांना.

गोष्ट बेचाळीस वर्षांपूर्वीची. लोरियान तेव्हा वीस वर्षांची होती. बापाची बटाट्याची शेती, चार मुली, मुलगा नाही. बाकीच्या तिघी स्वयंपाकघरात रमल्या. ही दुसऱ्या नंबरची मात्र कायम कुठल्या ना कुठल्या यंत्राच्या पोटात. बटाटे काढायच्या यंत्राची साखळी तुटली की बाप आधी देवाचं नाव घ्यायचा आणि मग तिचं. अशात ऑरेल सिर्वांच्या गॅरेजच्या दारावर 'मदतनीस पाहिजे' अशी पाटी लागली. लोरियान केस बांधून, बापाचा धुतलेला डगला घालून गेली. गॅरेजात एक ट्रक उभा होता. त्याच्या इंजिनाचा आवाज ऐकूनच तिने सांगितलं की तिसरं सिलेंडर नीट पेटत नाहीये. आणि ते खरं निघालं.

ऑरेल तेव्हा सदतिशीचे. हात पुसत तिच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "कान चांगला आहे तुझा. हातही चांगले असतील. पण लोक आपली गाडी बाईच्या हाती देणार नाहीत गं. ब्रेकचं काम म्हणजे जिवाशी गाठ. तू काउंटरवर बस. फोन घे, कॉफी कर."

"कॉफी मला चांगली येत नाही," लोरियान म्हणाली आणि डगल्याची बटणं लावत घरी आली.

पुढे ती मडवॉस्काच्या कागद गिरणीत लागली आणि एकतीस वर्षं तिथे टिकली. पण शनिवार तिचा स्वतःचा असे. घरामागच्या बटाटे साठवायच्या जुन्या कोठारात तिने सिमेंटची जमीन करून घेतली, छताला दिवे टांगले. सुरुवात थोरल्या बहिणीच्या गाडीपासून झाली. मग बहिणीची नणंद आली, नणंदेचा शेजारी आला. या भागात हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. बर्फ वितळतो खरा, पण तेच मीठ गाड्यांची खालची बाजू खाऊन टाकतं, आणि सगळ्यात आधी खातं ते ब्रेक. सिर्वांच्या गॅरेजात सोमवारी सोडलेली गाडी शुक्रवारी मिळायची. लोरियानच्या कोठारात शनिवारी सकाळी नेलेली गाडी दुपारच्या जेवणाला घरी. कुणी बदल्यात सरपण टाकून जायचं, कुणी हरणाची तंगडी. तिने ब्रेक केलेली एकही गाडी कधी खड्ड्यात गेली नाही, असं क्लोव्हिस चारचौघांत सांगायचा. ती नुसती म्हणायची, "गेली असती तर तुझ्या गाण्याने गेली असती."

तर असं हे दोघं दीड वर्ष आठवड्यातून तीनदा एका गाडीत बसत होते. बोलणं हवेबद्दल, हॉकीबद्दल, या आठवड्यात कोण गेलं त्याबद्दल. 'त्या' गोष्टीबद्दल एक अक्षर नाही.

मार्चमधल्या शेवटच्या बुधवारी मात्र गाडीनेच विषय काढला.

कॅरिबू गाव मागे पडलं आणि लोरियानला स्टिअरिंग हातात जड लागायला लागलं. गाडी उजवीकडे ओढत होती. आधी तिला वाटलं, वारा असेल. मग वास आला, इस्त्रीखाली कपडा राहून गेल्यासारखा. ऑरेलकाकांनी नाक वर केलं. तिने वेग कमी केला, बर्फाच्या ढिगांमध्ये एक मोकळी जागा बघून गाडी बाजूला घेतली आणि उतरली.

पुढच्या उजव्या चाकातून बारीक धूर येत होता. वाकून हात जवळ नेला तर तळव्याला धग लागली. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा पकडतो तो कॅलिपर. ब्रेक दाबला की आवळायचं आणि सोडला की मोकळं व्हायचं, एवढंच त्याचं काम. हा आवळून बसला होता आणि सोडायचं विसरला होता.

काकांनी काच खाली केली. "नळी असेल."

"कॅलिपर आहे," लोरियान म्हणाली.

"ब्रेकची नळी आतून सुजते. तेल जाऊ देते, परत येऊ देत नाही. मी शंभर वेळा बघितलंय."

"मी पण बघितलंय. ही नळी गेल्या उन्हाळ्यात मीच बदलली."

"नवी नळीसुद्धा दगा देते."

"बघू आपण," ती म्हणाली. पण मनात तिने कॅलिपरवर शिक्का मारला होता. नळीचा दोष असता तर पेडलवर आधी चुणूक लागली असती. गेले दोन आठवडे तो उजवा कॅलिपर थंडीत जरा उशिराच सुटत होता. हे तिला जाणवलं होतं आणि शनिवारी बघू म्हणून तिने मागे टाकलं होतं. त्याचं तिला आता वाईट वाटत होतं. स्वतःची गाडी असली की हे असं होतं.

लाकडं भरलेला एक ट्रक पुढे जाऊन थांबला. दाढीवाला ड्रायव्हर उतरून आला, चाकाकडे बघून म्हणाला, "एवढंच ना? बर्फ टाका की त्यावर. हा एवढा ढीग पडलाय." आणि खरोखरच दोन्ही हातांनी बर्फ उचलायला वाकला.

"नको," असं लोरियान आणि ऑरेलकाका एकदमच म्हणाले; आणि असे म्हणाले की तो बिचारा वाकलेलाच राहिला.

"लालबुंद तवा पाण्यात घातलास तर काय होतं?" काकांनी खिडकीतून विचारलं.

"वाकडा होतो."

"मग?"

ड्रायव्हरने हात झटकले, दोघांना शुभेच्छा दिल्या आणि निघून गेला. काका काच वर करता करता हसत होते. लोरियाननेही तोंड फिरवून हसून घेतलं.

चाक आपोआप निवायला पंचवीस मिनिटं गेली. मग उरलेलं अंतर तिने खालच्या गियरमध्ये, हँडब्रेकवर, मागून येणाऱ्यांना वाट देत गोगलगाईच्या चालीने कापलं. केंद्रात पोचले तेव्हा आठ वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. दारात डार्ला नावाची नर्स कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अजून पाच मिनिटं झाली असती तर खुर्ची दुसऱ्याला दिली असती मी, मिस्टर सिर्वा."

"मला काय बोलतेस? ड्रायव्हरला बोल," काका म्हणाले, आणि आत जाता जाता मागे वळून लोरियानला, "नळीच आहे."

डायलिसिसला चार तास. म्हणजे साडेबारा-पाऊण. लोरियानने घड्याळ बघितलं आणि मग मैदानापलीकडे बघितलं. तिचं नशीब म्हणा, त्याच मोठ्या पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दीड वर्ष ती तिथे काचा पुसायचं पाणी घ्यायला जात होती.

काउंटरवर डॅरिल नावाचा पन्नाशीचा गृहस्थ होता, चष्मा कपाळावर चढवलेला. तिने मागणी सांगितली तशी तो म्हणाला, "तुमच्या मिस्टरांना जरा फोनवर घेता का? कुठल्या बाजूचा ते विचारतो."

"मिस्टरांना विचारलंत तर ते म्हणतील गाडीला बाजू चार, कुठलीही द्या. पुढचा उजवा कॅलिपर. ब्रेक पॅड दोन्ही पुढच्या चाकांचे. नळीच्या बोल्टला लागणारे तांब्याचे वॉशर, नवे. ब्रेक ऑइलची बंद बाटली. आणि साफ करायचा फवारा."

डॅरिलने एकदा तिच्याकडे बघितलं आणि मुकाट्याने आत गेला. खोका घेऊन आला. तिने तो तिथेच उघडला, कॅलिपर हातात घेऊन उभा धरला आणि परत खोक्यात ठेवला.

"हा डावा आहे."

"खोक्यावर उजवा लिहिलंय."

"खोका मी गाडीला लावणार नाहीये."

डॅरिलने चष्मा खाली ओढला. तिने त्याला दाखवलं. कॅलिपरला एक छोटी तोटी असते, आत अडकलेली हवा काढायला. हवा नेहमी वर चढते, म्हणून तोटी वरच्या टोकाला लागते. हा उजव्या बाजूला बसवला असता तर बसला असता, बोल्टही लागले असते, पण तोटी खाली आली असती. मग कितीही ब्रेक दाबा, हवा आतच, आणि पेडल स्पंजासारखं. "कुणीतरी डावा-उजवा बदलून परत केलाय, आणि तुम्ही फळीवर ठेवलात," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिच्या कोठारात असे दोघं-तिघं आले होते, आठवडाभर पेडल दाबून दाबून पाय दुखलेले.

डॅरिल लाल झालेल्या कानांनी कॉम्प्युटरवर बसला. उजवा इथे नव्हता. कॅरिबूच्या शाखेत एक होता. "आमची गाडी अकराला येते. मी त्यांना खोका उघडून बघायला सांगतो," तो म्हणाला. मग जरा घुटमळून: "पार्किंगमध्ये गाडी खोलायला परवानगी नाही खरं तर. पण मागच्या बाजूला माल उतरवायची जागा आहे. सिमेंट आहे, वारा लागत नाही. आमची गाडी सोडली तर तिथे कुणी येत नाही."

लोरियानने गाडी मागे नेली. पारा शून्याखाली सात. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, पुढच्या चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल केले, मग जॅक, मग स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली ती आयुष्यात कधी हात घालत नसे. चाक हाताने फिरवून बघितलं. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा जेमतेम सरकलं.

आता ऑरेलकाकांच्या नळीचा निकाल लावायचा होता. तिने तोटी उघडली. तेल गळालं. नळीत दाब अडकला असता तर या क्षणी चाक सुटायला हवं होतं. तिने पुन्हा फिरवलं. तसंच घट्ट. ती स्वतःशी म्हणाली, "बरं का, काका," आणि तोटी बंद केली.

चाक निघालं. कॅलिपरचा वरचा बोल्ट निघाला. खालचा मात्र गंजून एकजीव झाला होता. गंज सोडवायचा फवारा मारून दहा मिनिटं थांबली, पाना लावला, आणि बोल्टचं डोकं पान्याखाली घसरलं. कोपरे झिजले. हा क्षण वाईट असतो. इथे घाई केली की डोकं पूर्ण गोल होतं, आणि मग बोल्ट कापण्याशिवाय गत्यंतर नाही. कापायचं यंत्र साठ मैलांवर तिच्या कोठारात टांगलेलं. तेवढ्यात खिशात फोन वाजला.

"कुठेस?" क्लोव्हिस.

"प्रेस्क आयल. पुढचा कॅलिपर गेलाय. बदलतेय."

"मी येऊ का?"

"येऊन काय करशील?"

"गाईन."

"तू घरीच गा. आणि सूप ठेव, वाटाण्याचं. काका दुपारी आपल्याकडेच जेवतील आज, उशीर होणारेय."

"ते आपल्या घरात जेवतील?" क्लोव्हिसने विचारलं. बेचाळीस वर्षांत ऑरेल सिर्वांनी देगलांचा उंबरा ओलांडला नव्हता.

"भूक लागली की जेवतील," म्हणून तिने फोन ठेवला.

मग तिने एक माप लहान सहा कोपऱ्यांची गोटी, म्हणजे बोल्टवर टोपीसारखी बसणारी सॉकेट, घेतली, झिजलेल्या डोक्यावर ठेवली आणि हातोडीने ठोकून ठोकून आत बसवली. वर लांब दांडा. दांड्यावर हाताने जोर न लावता तिने एक पाय ठेवला, गाडीला धरलं आणि हळूहळू सगळं वजन त्यावर टाकलं. आधी काहीच नाही. मग बंदुकीच्या बारासारखा एक आवाज झाला. तिने क्षणभर डोळे मिटले. बोल्ट तुटला की सुटला, हे या आवाजावरून कळत नाही. डोळे उघडून दांडा हलवला तर बोल्ट नीट फिरत होता. आट्यांवर तांबडी गंजाची पूड, पण आटे शाबूत.

आनंद झाला तर खरा, पण तो दाखवायला तिथे कुणी नव्हतं. कचऱ्याच्या पेटीवर एक कावळा होता. तिने त्यालाच बोल्ट दाखवला.

कॅलिपर सैल झाला तेव्हा तिने तो तारेने वर टांगून ठेवला, नळीवर लोंबकळू दिला नाही. मग नवा माल येईपर्यंत डावं चाक उघडून त्या बाजूचे पॅड बदलून घेतले, दोन्ही तबकड्या साफ केल्या. थंडीने बोटं बधिर झाली की ती इंजिनाच्या अंगावर हात ठेवायची. अकरा वाजून वीस मिनिटांनी डॅरिल स्वतः खोका घेऊन मागे आला, उघडलेला.

"तोटी वर आहे. मी बघितली," तो म्हणाला. मग गेला नाही, खिशात हात घालून उभा राहून बघत राहिला. तिने नळीचा बोल्ट सोडला, जुना कॅलिपर वेगळा केला, ठिबकणाऱ्या तेलाखाली डबा धरला. नव्याच्या सरकणाऱ्या पिनांना ग्रीस लावलं, बोल्टच्या दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर घातले, नवे पॅड घालून कॅलिपर जागेवर बसवला, बोल्ट मापात आवळले. डॅरिल म्हणाला, "तीस वर्षं मी हे विकतोय. लावताना इतक्या जवळून आज बघितलं."

राहिली होती हवा काढायची. ते काम दोन माणसांचं. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली वाकून तोटी उघडायची-मिटायची. बाटली आणि नळी लावून एकटीलाही जमतं, पण त्याला वेळ फार लागतो. ती बाटली काढत होती, तेवढ्यात चाकांचा आवाज आला. डार्ला ऑरेलकाकांना चाकाच्या खुर्चीतून ढकलत मैदान ओलांडून येत होती.

"ऐकतच नाहीत," डार्ला म्हणाली. "अर्धा तास पडा म्हटलं तर म्हणतात, मला माझी गाडी बघायचीय."

"माझी म्हणालो नाही. तिची म्हणालो." काकांचा चेहरा डायलिसिसनंतर असायचा तसा कागदासारखा होता, हाताला जाड पट्टी. पण डोळे थेट चाकावर. "नळी होती ना?"

लोरियानने जुना कॅलिपर फडक्यात धरून त्यांच्या मांडीवर ठेवला. "तोटी उघडली, तेल आलं, चाक सुटलं नाही. पिस्टन दाबून बघा."

काकांनी दोन्ही अंगठे लावले. पिस्टन ढिम्म. रबराची टोपी एका बाजूने फाटलेली, आत मीठ आणि गंज यांचा खडा. ते बराच वेळ तो उलटसुलट करून बघत राहिले. खालच्या बोल्टकडे बोट करून म्हणाले, "हा कसा काढलास?"

तिने सांगितलं.

"हं," काका म्हणाले. त्यांच्या गॅरेजात काम केलेली माणसं सांगत, की अडतीस वर्षांत या 'हं'पेक्षा मोठी शाबासकी कुणाला मिळाली नाही. मग त्यांनी खुर्चीचे हात धरले. "मला आत बसव. पेडल मी दाबतो."

"मिस्टर सिर्वा, तुमचे पाय थरथरताहेत," डार्ला म्हणाली.

"किडन्या गेल्यात माझ्या. पाय नाही गेले."

डार्लाने आणि लोरियानने धरून त्यांना ड्रायव्हरच्या जागी बसवलं. घोंगडी गुडघ्यांवर. लोरियान उजव्या चाकाशी सिमेंटवर पुठ्ठा टाकून बसली, तोटीला पारदर्शक नळी लावली, पाना लावला.

"दाबा."

"दाबलं."

"अजून दोनदा. आता धरा."

"धरलं."

तिने तोटी उघडली. तेलाबरोबर फसफसत बुडबुडे आले. बंद. "सोडा."

"सोडलं."

मध्येच काकांचा आवाज आला, "अडतीस वर्षं मी तिथे खाली होतो. इकडून पहिल्यांदाच करतोय."

"बोलू नका, धरा."

"धरलंय गं बाई."

डॅरिल तोंडावर हात ठेवून हसला. डार्ला घड्याळ विसरली होती. आठव्या वेळी बुडबुडे थांबले, नळीतून स्वच्छ तेलाची धार आली. लोरियानने बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीत नवं तेल वरपर्यंत भरलं आणि आणखी दोनदा करायला लावलं, खात्रीसाठी. मग काकांनी एकदा पेडल दाबलं आणि दाबूनच ठेवलं.

"आलं," ते म्हणाले. "पेडल दगड झालंय."

लोरियानने किती गाड्यांचे ब्रेक केले असतील, तिलाच ठाऊक नव्हतं, आणि प्रत्येक वेळी पेडल दगड झालं की तिला बरं वाटत असे. पण हे वेगळं होतं. हे तिला त्या पायाकडून कळत होतं, ज्याला ब्रेकमधलं तिच्याइतकंच कळत होतं.

चाक लावलं, गाडी खाली घेतली.

"नट कसे आवळलेस?" काकांनी विचारलं.

"समोरासमोरचे. दोनदा."

"पन्नास मैलांनी पुन्हा बघ."

"सेंट ओडिलमध्ये बघणारच आहे. आता सरका तिकडे, गाडी मी चालवणार."

मैदानात तिने चार वेळा ब्रेक दाबून बघितला, आधी हळू, मग जोरात. गाडी सरळ रेषेत, नाक न फिरवता उभी राहिली. डॅरिलने दुकानाच्या मागच्या दारातून हात हलवला. जुना कॅलिपर त्याच्याकडे राहिला होता. तो त्याने काउंटरवर मांडून ठेवला, असं तिला पुढच्या सोमवारी दिसलं. पुढे जी बाई 'नवऱ्याला विचारून सांगते' म्हणायची तिला नव्हे, तर जो नवरा 'डावा-उजवा सारखाच' म्हणायचा त्याला तो दाखवला जात असे.

परतीच्या वाटेवर कॅरिबू मागे पडलं तरी काका झोपलेलेच होते. व्हॅन ब्युरनच्या उतारावर जागे झाले. खाली नदी अजून गोठलेलीच होती. त्यांनी तिकडे तोंड केलं.

"त्या वर्षी मी तुला नाही म्हणालो," ते म्हणाले.

लोरियानने आरशात बघितलं, मग रस्त्याकडे. "हो."

"तुझ्याजागी जो पोरगा घेतला, तो चार महिन्यांत पळाला."

"ठाऊक आहे. त्याने केलेले ब्रेक मी पुन्हा केले. सहा गाड्या."

"सात," काका म्हणाले. "सातवी माझ्या बायकोची होती. तिने मला न सांगता तुझ्याकडे आणली होती."

लोरियानला ती गाडी आठवली. हिरवी. सिसिलकाकू सोबत केक घेऊन आली होती आणि कुणाला सांगू नकोस म्हणाली होती. लोरियानने बेचाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, क्लोव्हिसलाही नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. ब्रेक दाबल्यावर." काकांनी घोंगडी वर ओढली. "तेव्हाच येऊन बोलायला हवं होतं. जमलं नाही. मग वर्षं गेली, आणि वर्षं गेली की आणखी जमत नाही. चूक माझी होती, लोरियान. लोक गाडी देणार नाहीत म्हणालो, ते खोटं होतं. लोक देत होते. मीच देत नव्हतो."

पुढच्या गावात लाल दिवा लागला तेव्हा तिने ब्रेक दाबला; गाडी लोण्यासारखी थांबली, आणि काकांनी मान डोलावली. दिवा हिरवा झाल्यावर ती म्हणाली, "वाटाण्याचं सूप चालतं ना तुम्हाला? डॉक्टरांनी मीठ वर्ज्य केलंय, क्लोव्हिस वेगळं काढून ठेवेल."

"क्लोव्हिस गाणार असेल तर नको."

"तेवढं सोसावं लागेल."

सूप त्यांनी पोटभर खाल्लं. क्लोव्हिस गायलाही. नंतर काका काठी टेकत मागच्या कोठारात गेले, दिवे लावायला लावून एकेक हत्यार बघून आले, आणि पाने मापाप्रमाणे न लावता हाताला येतील तसे लावलेत म्हणून तिला बोलले. तीही त्यांना बोलली.

त्यानंतरच्या रविवारी, प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये नाश्ता होता. कुट्टूच्या पिठाच्या, धिरड्यांसारख्या जाळीदार प्लोया, अंडी, बीन्स, मेपलचा पाक. ऑरेलकाका नेहमीच्या कोपऱ्यात बसले होते. गावातल्या जमीनदार बोलियूंचा धाकटा भाऊ रोमेओ, साठीचा माणूस, ताट घेऊन त्यांच्याशेजारी टेकला.

"काका, माझ्या ट्रकला पुढून आवाज येतोय हो. तुमच्या कानाला काय वाटतं?"

हॉलमध्ये बरीच माणसं होती, आणि काकांचा आवाज गॅरेजात घडलेला, मोठा. "मला काय विचारतोस?" ते म्हणाले. "या खोऱ्यात ब्रेक कळणारी दोनच माणसं. एकाला आता नीट दिसत नाही. दुसरी ती तिथे बसलीय."

माणसं वळून बघायला लागली. क्लोव्हिसने कॉफीचा कप खाली ठेवला, आणि ज्या पद्धतीने तो बायकोकडे बघत होता, ती बघून शेजारची म्हातारी त्याला म्हणाली, "अरे, लग्न झालंय तुमचं." लोरियान लाल झाली. गिरणीत एकतीस वर्षं काढलेली, दांड्यावर उभं राहून बोल्ट सोडवणारी बाई, पण त्या क्षणी हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. मग तिने ते सरळ टेबलावर ठेवले, नखांच्या कडेला काळं असलेले, सगळ्यांना दिसतील असे.

रोमेओ ताट घेऊन तिच्यासमोर आला.

"आवाज कधी येतो?" तिने विचारलं. "ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर?"

"दाबल्यावर. म्हणजे... सोडल्यावरही थोडा."

"वळताना?"

"ते नाही बघितलं."

"ट्रक बाहेर आहे?"

"आहे."

"चल मग," लोरियान म्हणाली, आणि प्लोयेचा उरलेला तुकडा हातातच गुंडाळून घेऊन उठली.